समोरच्याचंही काम चांगलंच आहे, मग मत मागायचं कसं?

पाना-पक्कड (प्रश्न)

नमस्कार. इतके दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. अकरा दिवसांत मला एक गोष्ट ठरवायची आहे आणि जवळच्या माणसांचे सल्ले ऐकून गोंधळ वाढलाच आहे.

मी व्हीलचेअर दुरुस्त करते. एकोणीस वर्षं कारखान्यात मशीन मेंटेनन्सला होते. आईला व्हीलचेअर लागली तेव्हा लक्षात आलं की खुर्ची विकणारे आहेत, दान देणारे आहेत, पण ती बिघडली की बघणारं कुणी नाही. सायकल दुरुस्त करणारा पंक्चर काढून देतो, बाकीच्याला हात लावायला तो घाबरतो. त्याचंही बरोबर आहे, माणूस पडला तर जबाबदारी कुणाची? सहा वर्षांपूर्वी मी एका हॉलच्या मागच्या खोलीत आठवड्यातून दोन दिवस काम सुरू केलं. आता आम्ही तिघं आहोत. ज्याला परवडतं त्याच्याकडून सुट्या भागांचे पैसे घेतो, मजुरी कुणाकडूनच घेत नाही. ज्याच्याकडे सुट्या भागांपुरतेही नसतात, त्याचं काम राखीव पैशातून करतो. तो राखीव पैसा आता संपत आलाय.

आमच्या भागात सामाजिक उपक्रमांसाठी एक निधी आहे. चौदा अर्ज गेले होते, त्यातले पाच निवडले. आता शेवटची फेरी आहे. प्रत्येकाला बोलायला पाच मिनिटं, मग हॉलमधल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी, एक मत. ज्याला सर्वांत जास्त मतं त्याला सगळा निधी, उरलेल्या चौघांना काहीच नाही.

यादी लागली आणि त्यात आमच्याच खोलीत उरलेले चार दिवस वाचनवर्ग घेणाऱ्या ताईंचं नाव दिसलं. आमची अवजारं त्यांच्या कपाटात असतात. त्यांच्या पाट्या आणि पुस्तकं आमच्या टेबलाखाली असतात. त्यांचं काम मी डोळ्यांनी बघितलंय. गेल्या वर्षी अक्षर दिसलं की मान खाली घालणारी एक मुलगी परवा आमच्या ग्रीसच्या डब्यावरचं नाव मोठ्यानं वाचत होती. आणि आता मी पन्नास-शंभर लोकांना जाऊन सांगायचं की त्यांना नको, मला मत द्या? मला ते जमत नाहीये. पण नाही सांगितलं तर रांगेतल्या बावीस खुर्च्यांचं काय, हेही डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसरी अडचण जास्त बोचते. त्यांच्या वर्गातल्या मुलांचे आईवडील येतील, आजीआजोबा येतील. यायलाच हवं त्यांनी. माझी माणसं कशी येणार? मतदान ज्या हॉलमध्ये आहे तो वरच्या मजल्यावर आहे. आठ पायऱ्या, मग वळण, मग पुन्हा सात.

तिसरी गोष्ट लिहायलाही जड जातेय. माझ्याच गटातला एक जण म्हणाला, आपण एका लहान मुलाला खुर्चीसकट उचलून स्टेजवर नेऊ, तो दोन वाक्यं बोलला तरी हॉल आपला. तो मुलगा मला ठाऊक आहे. तो तयारही होईल, कारण मी सांगितलं तर तो नाही म्हणणार नाही. तो नाही म्हणणार नाही, हेच मला टोचतंय.

तुमच्यापैकी कुणी अशा स्पर्धेत उतरलंय का, किंवा भरवलीय का? काय केलंत? मला जिंकायचं आहे, ते लपवत नाही. पण नंतर त्याच खोलीत, त्याच कपाटासमोर त्या ताईंना तोंड दाखवता आलं पाहिजे.

नोंदवही (प्रतिसाद)

ताई, अशा पाच-सहा फेऱ्यांमध्ये मी परीक्षक म्हणून किंवा आयोजकांकडून बसलो आहे. पहिलं तिसऱ्या मुद्द्याबद्दल लिहितो, कारण तुमचा मित्र जे म्हणतोय ते चालतं. चालतं म्हणूनच ते धोक्याचं आहे.

२००७ मध्ये स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोविक या अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी लोकांना थोडे पैसे दिले आणि त्यातले किती दान कराल असं विचारलं. काहींना एकाच मुलीची गोष्ट फोटोसकट दाखवली, काहींना भुकेनं ग्रासलेल्या लाखो लोकांची आकडेवारी दाखवली. आकडे पाहणाऱ्यांनी मुलीची गोष्ट पाहणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी दिलं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तिसऱ्या गटाला मुलगीही दाखवली आणि आकडेही दिले, तर दान पुन्हा खाली आलं. म्हणजे आकडे जोडल्यानं गोष्टीला वजन येतं ही आपली समजूत निदान तिथं खरी ठरली नाही.

पण ‘एकच गोष्ट दाखवा’ याचा अर्थ ‘एक माणूस उचलून आणा’ असा कुठं होतो? तुमच्याकडे माणसापेक्षा बोलकी वस्तू आहे. खुर्ची घेऊन जा. बिघडलेली, खरीखुरी, कुणाची तरी वाट बघत असलेली. पाच मिनिटांतली तीन मिनिटं लोकांसमोर ती दुरुस्त करा. तुम्ही मेंटेनन्समधल्या आहात, तुमचे हात बोलतील. मी बसलो होतो त्या एका फेरीत पाणी तपासणाऱ्या एका मुलानं भाषण केलंच नव्हतं. दोन नळांचं पाणी घेऊन समोर बसला आणि थेंब टाकत गेला. पूर्ण हॉल पुढे वाकून बघत होता.

आणि तुमच्या दुरुस्तीच्या वहीतून एक गोष्ट न चुकता सांगा: किती खुर्च्या परत आल्या. किती दुरुस्त केल्या हे सगळे सांगतात. त्यातल्या किती तीन महिन्यांत पुन्हा त्याच बिघाडासाठी आल्या आणि तुम्ही त्यावर काय केलंत, हे मी एवढ्या फेऱ्यांत फक्त दोघांच्या तोंडून ऐकलंय. त्या दोघांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता.

वाचनवर्गाच्या ताईंबद्दल एवढंच सांगतो. त्यांचं नाव तुमच्या पाच मिनिटांत येऊ दे. चांगल्या अर्थानं, एकदाच, सहज. खोली एकच आहे हे लोकांना माहीत आहेच. तुम्ही टाळलंत तर ते टाळणंच लक्षात राहील.

चाकावरची (प्रतिसाद)

मी अकरा वर्षं खुर्चीवर आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि त्या मुलापाशीच थांबले.

मी लहान असताना मला असंच एकदा स्टेजवर नेलं होतं. चौघांनी खुर्ची उचलली. उचलणाऱ्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, खुर्ची एका बाजूला कलली होती आणि खाली लोक टाळ्या वाजवत होते. अजून काहीच झालं नव्हतं, मी काही बोललेही नव्हते, तरी टाळ्या. त्या कार्यक्रमाला पैसे मिळाले असतील, मला ठाऊक नाही. मला आठवतं ते एवढंच की माझे हात कुठं ठेवायचे ते मला कळत नव्हतं. त्या मुलाला नेऊ नका. त्यानं स्वतःहून विचारलं, स्वतः काय बोलायचं ते ठरवलं आणि वर जायला रॅम्प असला, तर गोष्ट वेगळी.

आता पायऱ्यांबद्दल. ही तुमची अडचण नाहीये, ही आयोजकांची चूक आहे, आणि तुम्ही ती स्वतःच्या खांद्यावर घेऊन बसला आहात. ज्या निधीवर सगळ्या समाजाचा हक्क आहे म्हणता, त्याचं मतदान पंधरा पायऱ्या चढून? अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मधला आहे. त्यातलं विसावं कलम हिंडण्या-फिरण्याच्या स्वातंत्र्याबद्दल आहे आणि एकोणतिसावं सार्वजनिक जीवनातल्या सहभागाबद्दल. तुमचं काम विसाव्यात बसतं. पण एकोणतिसावं मोडून विसाव्यासाठी पैसे मिळवायचे, असं होऊ देऊ नका. ‘आमच्याविना आमच्याबद्दल काही नको’ हे आम्ही उगाच म्हणत नाही. आजच पत्र लिहा: मतदान तळमजल्यावर घ्या, ते जमत नसेल तर निदान मतपेटी खाली आणा आणि सादरीकरण खाली ऐकू येईल, दिसेल अशी सोय करा. तुम्हाला जास्त मतं मिळावीत म्हणून नाही. आमच्यातल्या काहींना वाचनवर्गालाही मत द्यायचं असेल. माझीच भाची वर्गात असती तर मी तिकडं दिलं असतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कदाचित भाषणात उपयोगी पडेल. खुर्ची एकदम कधी मोडत नाही. आधी ती वळताना जड होते, मग एका बाजूला ओढायला लागते. मग तुम्ही लांबचा रस्ता टाळायला लागता. मग दुकानात जाणं दुसऱ्यावर सोपवता. कुणी विचारलं तर म्हणता, कंटाळा आलाय. माझं असं सात महिने चाललं होतं. शेवटी कळलं की पुढच्या डाव्या चाकाच्या आसाला केस आणि दोरे गुंडाळले गेले होते. माझेच केस. दहा मिनिटांचं काम निघालं. सात महिने मी स्वतःला आळशी समजत होते.

मतपेटी (प्रतिसाद)

मी स्पर्धकांबद्दल नाही, नियमाबद्दल लिहिणार आहे, कारण खरी गाठ तिथं आहे. ‘एक माणूस, एक मत, पहिल्याला सगळं’ हा नियम दोन चांगल्या कामांना एकमेकांसमोर उभं करतो. नियम बदलला की त्याच दोघी शेजारी-शेजारी उभ्या राहू शकतात.

सोपं गणित करून बघा. शंभर मतदार आहेत आणि निधीचे शंभर भाग आहेत. वाचनवर्गाला खरी गरज ५० भागांची आहे आणि साठ जणांना तो हवा आहे. दुरुस्तीला ३० भाग लागतात आणि दुसऱ्या पस्तीस जणांना ती हवी आहे. आत्ताच्या नियमानं वाचनवर्ग शंभरच्या शंभर घेऊन जाईल, गरज नसलेले ५० सुद्धा. आता निधी मतदारांमध्ये सारखा वाटून टाका, प्रत्येकाच्या वाट्याला एक भाग. साठ जण मिळून वाचनवर्गाचे ५० उचलतात, पस्तीस जण दुरुस्तीचे ३० उचलतात. दोन्ही कामं झाली आणि तरी २० शिल्लक. या पद्धतीला समान वाट्यांची पद्धत म्हणतात. २०२३ मध्ये पोलंडमधल्या विएलिच्का आणि स्वित्झर्लंडमधल्या आराऊ या शहरांनी लोकांच्या मतानं प्रकल्प निवडताना ती प्रत्यक्ष वापरली. त्यासाठी मतदाराला एकापेक्षा जास्त प्रकल्पांना पसंती देता आली पाहिजे, एवढीच तयारी लागते. ज्या आईला मुलीचा वर्गही हवा आणि सासऱ्यांची खुर्चीही, तिला आज तुमचे आयोजक दोनपैकी एकाला नाही म्हणायला लावताहेत.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९ मध्ये लोकसहभागातून अंदाजपत्रक सुरू केलं. तिथं नुसती डोकी मोजली नाहीत. वस्तीनं कशाला प्राधान्य दिलं, तिथली लोकसंख्या किती आणि ती सोय तिथं आधी किती कमी आहे, या सगळ्याला गुण होते. यातला शेवटचा निकष मला फार मोलाचा वाटतो. ज्यांच्याकडे कमी आहे त्यांचा आवाजही बहुतेक वेळा कमीच असतो, आणि तो निकष नेमका त्यांच्या बाजूनं उभा राहतो.

नुसत्या मतसंख्येवर सोडलं की काय होतं तेही लोकांनी बघितलंय. २०१० मध्ये पेप्सीनं अमेरिकेत सुपर बोलच्या (तिथल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) जाहिराती न करता ऑनलाइन मतांवर सामाजिक प्रकल्पांना दोन कोटी डॉलर वाटायचं ठरवलं. थोड्याच दिवसांत प्रकल्पवाल्यांनी आपापसात गट बांधले, तू माझ्यासाठी मतं गोळा कर, मी तुझ्यासाठी. त्यांचा दोष नाही. ज्याचं जाळं मोठं तो पुढे, असा नियम असला की लोक काम सोडून जाळं विणायला बसतात.

अकरा दिवसांत आयोजक सगळं बदलणार नाहीत हे मलाही दिसतंय. पण पाचही स्पर्धकांनी मिळून एक पत्र दिलं तर? स्पर्धकांनीच वाटून द्या म्हटल्यावर ‘लोकांना स्पर्धा हवी असते’ असं त्यांना म्हणता येणार नाही.

सरळ_मुद्दा (प्रतिसाद)

मी थोडं वेगळं बोलतो. स्पर्धेला एवढं घाबरायचं कारण नाही. आमच्याकडे पूर्वी निधी कुणाला मिळायचा हे चार माणसं बंद खोलीत ठरवायची. आता निदान पाच जणांना सगळ्यांसमोर उभं राहून काय करतो ते सांगावं लागतं. ताई, जा, प्रत्येक ओळखीच्या माणसाला फोन करा, या म्हणा. त्या वाचनवर्गाच्या ताईही करतच असतील आणि त्यात काहीही वाईट नाही. तुम्ही संकोचानं घरी बसलात आणि बावीस खुर्च्या तशाच राहिल्या, तर तो संकोच कुणाच्या कामाचा?

पाना-पक्कड

@सरळ_मुद्दा, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. बरोबर आहे. फोन करायला सुरुवात करते आजपासून.

@चाकावरची, मुलाला नेणार नाही, ते ठरलं. तुमचे सात महिने माझ्या डोक्यातून जात नाहीयेत. आमच्याकडे येणारे बहुतेक सगळे असंच म्हणतात, ‘आधी वाटलं माझ्याच अंगात जोर राहिला नाही.’ मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते ऐकू येईनासं झालं होतं. भाषणात हे सांगितलं तर चालेल का, तुमची ओळख न देता?

@नोंदवही, वही काढली. गेल्या वर्षी २१२ खुर्च्या. त्यातल्या ३८ तीन महिन्यांत त्याच कारणानं परत आल्या. मोजेपर्यंत मला वाटत होतं दहा-बारा असतील.

चाकावरची

चालेल. केस कुणाचे होते तेही सांगा.

जिंकलेला (प्रतिसाद)

तीन वर्षांपूर्वी मी अशीच फेरी जिंकली. माझं काम जुने श्रवणयंत्र दुरुस्त करून, तपासून पुन्हा वापरात आणायचं. तुमच्या कामाच्या जवळचं आहे, म्हणून लिहितो.

जिंकलो त्या रात्री झोप लागली नाही, आनंदानं. पुढच्या आठवड्यात लोक यायला लागले. मत दिलेली माणसं, आपल्या आईचं, काकांचं यंत्र घेऊन. आम्ही वर्षाला जेवढी करत होतो तेवढी दीड महिन्यात आली. पैसे होते, हात नव्हते. श्रवणयंत्राचं काम शिकायला वेळ लागतो, पैसे आले म्हणून माणूस तयार होत नाही. मी दोघांना घाईनं बसवलं, त्यांनी काही यंत्रांचा आवाज नीट न जुळवता परत दिली आणि एका आजोबांनी ते यंत्र काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं ते कायमचं. त्यांच्या मुलीनं मला वर्षानं सांगितलं. ते ऐकून मला जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

म्हणून सांगतो, पाच मिनिटांत मतं मागाच, पण मताच्या पलीकडचंही मागा. हॉलमध्ये शंभर माणसं येणार, त्यांच्यात कुणी वेल्डर असेल, कुणाकडे रिकामी जागा असेल, कुणी हिशेब लिहिणारं असेल. डेट्रॉइटमध्ये २०१० पासून ‘डेट्रॉइट सूप’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. दारात पाच डॉलर द्यायचे, चार जण चार-चार मिनिटं आपला प्रकल्प मांडायचे, लोक प्रश्न विचारायचे, मग सगळे एकत्र बसून सूप प्यायचे, बोलायचे आणि मत द्यायचे. दारात जमलेले पैसे जिंकणाऱ्याला. मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते मधलं एकत्र बसणं. हरलेल्यांनाही तिथं माणसं भेटायची. तुमच्या आयोजकांनी तशी वेळ ठेवली नसेल तर तुम्ही स्वतः ठेवा. एक कागद घेऊन दारापाशी उभ्या राहा.

दुरुस्तीचं काम कधी संपत नाही. खुर्ची तुम्ही आज नीट केली तरी ती पुन्हा येणारच. एकदाच मिळणाऱ्या पैशावर हे काम टिकत नाही, दर आठवड्याला येणाऱ्या माणसावर टिकतं.

नोंदवही

@जिंकलेला, हे कुणी जाहीरपणे सांगत नाही. निधी देणारे आम्ही लोक जिंकलेल्याचा फोटो काढतो आणि पुढच्या वर्षीच्या अर्जांना लागतो. दीड महिन्यानंतर कुणीतरी तुमच्याकडे येऊन बघायला हवं होतं.

पाना-पक्कड (सोळा दिवसांनी)

झालं सगळं. ज्यांनी इतकं लिहिलं त्यांना सांगायलाच हवं.

आधी पत्र. वाचनवर्गाच्या ताईंकडे मी स्वतः गेले, खोलीतच, त्यांचा वर्ग सुटल्यावर. म्हटलं, आपण दोघी उभ्या आहोत, मला तुमच्याविरुद्ध काही बोलायचं नाही, पण मतं मागणार आहे. त्या म्हणाल्या, ‘मीही आठ दिवस हेच बोलायला येणार होते.’ पाचपैकी चौघांनी पत्रावर सह्या केल्या. निधी वाटून द्यायची मागणी आयोजकांनी या वर्षी मान्य केली नाही, अर्ज त्याच अटीवर मागवले होते म्हणाले. ते समजण्यासारखं आहे. पण जागा बदलली. तळमजल्यावरची मोठी खोली रिकामी करून कार्यक्रम तिथं घेतला. सतरा जण खुर्चीवरून आले. त्यातले काही सहा वर्षं माझ्याकडे येत होते, पण एकमेकांना कधी भेटले नव्हते.

मी दोन कॅस्टर घेऊन गेले, खुर्चीची पुढची छोटी चाकं. एक साफ केलेलं, एक जसं आलं तसं. साफ केलेलं टेबलावर धरून बोटानं ढकललं आणि बोलत राहिले. मी दोन वाक्यं बोलून झाले तरी ते फिरत होतं. दुसरं ढकललं, पाव फेरा घेऊन थांबलं. मग चिमट्यानं आसाभोवतीचे केस काढायला लागले. खोलीत इतकी शांतता झाली की केस तुटताना येतो तो बारीक आवाज मलाच मोठा वाटला. काढता काढता मी एका बाईंच्या सात महिन्यांबद्दल सांगितलं, त्या स्वतःला आळशी समजत होत्या ते. केस त्यांचेच होते तेही सांगितलं. शेवटी ते चाक फिरलं. पूर्ण नाही, बेअरिंगचे छर्रे झिजले होते, ते मी लोकांना तसंच सांगितलं. हे चाक बदलावं लागेल, सगळं साफ करून निभत नाही.

३८ खुर्च्या परत आल्याचंही सांगितलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त ब्रेकच्या होत्या. व्हीलचेअरचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. टायरमधली हवा कमी झाली की ब्रेक कितीही घट्ट केला तरी पकडत नाही. आम्ही ब्रेक घट्ट करून देत होतो आणि हवा तपासायला शिकवत नव्हतो. चूक आमची होती. आता प्रत्येक खुर्चीसोबत घरच्या माणसाला अंगठ्यानं टायर दाबून बघायला शिकवतो. भाषण संपल्यावर एक आजी पुढे आल्या आणि माझ्यासमोर आजोबांच्या खुर्चीचा टायर दाबून ‘एवढा चालेल का?’ म्हणून विचारलं. चालणार नव्हता. तिथंच पंप काढला.

मतं: वाचनवर्ग पहिला, ६४. दुसरे घरपोच औषधांवाले. मी तिसरी, ४१. वाईट वाटलं. घरी जाऊन बराच वेळ नुसती बसून होते, बावीस खुर्च्यांचा हिशेब मनात चालू होता. ताईंचा फोन आला, पण त्या रात्री मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी केला. अभिनंदन मनापासून केलं, पण ते मनात उतरायला मला एक रात्र लागली.

@जिंकलेला, तुमचा कागद मी दारापाशी ठेवला होता. वर लिहिलं होतं, ‘बुधवारी दोन तास’. नऊ नावं आली. पहिल्या बुधवारी चार जण खरंच आले. त्यातल्या एक बाई शिवणकाम करतात. त्या खोलीत आल्या, भिंतीला लावलेल्या खुर्च्या बघितल्या आणि थेट एका बैठकीपाशी जाऊन वाकल्या. खुर्चीची कापडी बैठक मधे ढिली पडून पोटात गेली होती. अशा खुर्चीत बसलेला माणूस दिवसभर एका कुशीवर कलतो, पाठ दुखते, जास्त दिवस गेले तर जखमा होतात. सहा वर्षं आम्ही त्याखाली फळी घालायचो, पट्टे आवळायचो, कारण आम्ही तिघंही लोखंडातली माणसं. कापडाचं काम आम्हाला येतच नव्हतं आणि ते येत नाही हे आम्ही कधी मोठ्यानं म्हटलंही नव्हतं.

त्यांनी शिवण उसवली, आत दुहेरी कॅनव्हास घातला, कडांना जाड दोऱ्यानं उलटसुलट टाके घातले. मग मला म्हणाल्या, बसून बघा. मी बसले. पाठ सरळ राहिली.

ती खुर्ची परवा घरी गेली. येत्या बुधवारसाठी आणखी तीन बैठका काढून ठेवल्या आहेत. जाड सुया लागतील म्हणाल्यात, त्या शोधतेय.